चूक कोडची, मान माणसाचा



या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत आज अँड्रॉइडचा फोन आहे. त्या फोनच्या अगदी तळाशी, आपल्या नजरेस कधीही न पडणारा एक प्रोग्राम अहोरात्र राबत असतो. त्याचे नाव लिनक्स. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील एकूणएक यंत्र लिनक्सवरच चालत आले आहे. आणि गंमत अशी की, एवढ्या मोठ्या वास्तूला मालक नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपला प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला, पुढच्या वर्षी त्याला अशा परवान्याखाली आणले की कोणीही तो वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा सर्वांना द्यावा. तेव्हापासून हजारो हातांनी त्यात भर घातली. यालाच आज आपण ओपन सोर्स म्हणतो.

ही सारी मंडळी उपाशीपोटी सेवा करतात असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. लिनक्सच्या गाभ्यावर, ज्याला कर्नेल म्हणतात त्यावर काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचा पगार घेतात. पण इंटेलचा अभियंता रेड हॅटच्या अभियंत्याचा साहेब नसतो. गुगलच्या माणसाला जर्मनीतल्या एखाद्या हौशी जाणकाराची वेतनवाढ रोखता येत नाही. येथे हजेरीपट नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, बदली नाही. एकाने केलेला बदल, त्यांच्या भाषेत पॅच, दुसऱ्याकडे जातो. तो तपासतो, नाकारतो किंवा वरच्याकडे पाठवतो. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तिच्यात असे दहा हजारांहून अधिक बदल सामावलेले असतात. हा सारा व्यवहार केवळ लिहिलेल्या शब्दांवर चालतो. ज्याचे तोंडही पाहिलेले नाही, ज्याचा देश, वय, भाषा ठाऊक नाही, त्याच्या कामाबद्दल चार ओळी लिहावयाच्या आणि त्याने त्या वाचून पुन्हा कामाला लागावयाचे, अशी ही रीत.

मग अशा ठिकाणी शिस्त राखावयाची कोणी आणि कशाच्या बळावर? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाने संगणक क्षेत्रातील भल्याभल्यांची झोप उडवली आहे. आणि ज्यांची मुले-मुली या क्षेत्रात आहेत, म्हणजे आजच्या मध्यमवर्गीय मराठी घरांपैकी कितीतरी घरे, त्यांच्यासाठी तो परका प्रश्न नाही.

कर्नेलच्या गोटात प्रारंभापासून एक दंडक रूढ होता. काम बोलले पाहिजे, माणसाची भीड नाही. हा दंडक वाईट म्हणता येणार नाही. उलट, चुकीचा कोड सौजन्यापोटी आत घेतला तर उद्या रुग्णालयातील यंत्र बंद पडेल किंवा बँकेचा व्यवहार अडेल. डिसेंबर २०१२ मधील एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. कर्नेलमधील एका बदलामुळे बाहेरचे काही प्रोग्राम बिघडले. बदल करणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याने दोष त्या बाहेरच्या प्रोग्रामांवर ढकलला. टॉरवाल्ड्स यांचा मूलभूत नियम असा की, कर्नेलमधील सुधारणेमुळे वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम कदापि मोडता कामा नये. मोडला तर चूक कर्नेलची. मुद्दा शंभर टक्के बरोबर. आज जुने प्रोग्राम नव्या लिनक्सवर विनातक्रार चालतात ते याच नियमाच्या कठोर पालनामुळे. परंतु हा बरोबर मुद्दा त्यांनी ज्या शब्दांत सांगितला ते शब्द या व्यासपीठावरून उच्चारण्यासारखे नाहीत. साऱ्या जगाला वाचता येईल अशा जागी, ठळक मोठ्या अक्षरांत, एका ज्येष्ठ सहकाऱ्याला तोंड बंद करण्यास फर्मावण्यात आले.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. हे अधिक चिंताजनक होते. शिवी देणारा थोर असला की शिवीलाही थोरवी चिकटते, आणि मग थोरवी नसलेले लोक शिवी तेवढी उचलतात.

जुलै २०१३ मध्ये इंटेलमध्ये काम करणाऱ्या आणि यूएसबी ३.० ची जबाबदारी सांभाळणाऱ्या शार्प यांनी, ज्यांचे नाव आज सेज शार्प असे आहे, हा विषय उघडपणे काढला. कामावर कठोर टीका जरूर करा, पण माणसांना धमकावणे आणि घालूनपाडून बोलणे थांबवा, अशी त्यांची मागणी होती. टॉरवाल्ड्स यांचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कार्यालयातील गुळगुळीत सभ्यतेमागे कुरघोडी आणि पाठीमागून वार लपलेले असतात. त्यापेक्षा मनात आहे ते तोंडावर बोललेले बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्यांनी सरकारी किंवा खासगी कचेरीत वीस वर्षे काढली आहेत त्यांना या युक्तिवादात तथ्य दिसल्यावाचून राहणार नाही. 'आपण बघू', 'विचार करू' असे गोड बोलून फाईल कपाटात टाकणारा साहेब आणि तोंडावर 'हे चुकले आहे' म्हणणारा साहेब, यांत दुसरा कधीही बरा. परंतु या युक्तिवादात एक मोठी फट आहे. स्पष्टवक्तेपणाला ढोंग हा एकच पर्याय आहे, हे गृहीत धरण्याचे काहीच कारण नव्हते.

आपल्याकडील न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. कसेही करून जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीही न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत सुटणे म्हणजे वितंडा. आज मराठीत वितंडवाद हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण वाद हा शब्द मुळात चांगल्या अर्थाचा होता हे विसरतो. वादात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे लागते. त्याचे म्हणणे नीट मांडायचे तर ते आधी नीट ऐकावे लागते. शार्प यांची मागणी नेमकी हीच होती असे म्हटले तर ते ओढूनताणून केलेले साधर्म्य ठरू नये.

मार्च २०१५ मध्ये कर्नेलच्या गोटाने पहिल्यांदा लेखी काही ठरवले. त्या छोट्याशा मसुद्याचे नावच मुळी 'संघर्षाची संहिता' अशा अर्थाचे होते. तुमचे काम कठोरपणे तपासले जाईल, त्याची तयारी ठेवा. मात्र कोणाला वैयक्तिक अपमान किंवा धमकी जाणवली तर लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाकडे यावे, असे त्यात म्हटले होते. शेवटी एकमेकांशी चांगले वागा असा उपदेशही होता. उपदेश करून माणसे चांगली वागत असती तर आपल्या देशात केव्हाच रामराज्य आले असते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्प यांनी कर्नेलचे काम सोडत असल्याचे जाहीर केले. कौशल्य होते, आवड होती, काम पडलेले होते. सोडण्याचे कारण कामात नव्हते, वातावरणात होते. अशी एक व्यक्ती जाहीरपणे गेली. न बोलता किती जण गेले याची नोंद कोणत्याही संस्थेत नसते. सामाजिक काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. शाखेवर, मंडळात, पतपेढीत येईनासा झालेला माणूस का येईनासा झाला, हे विचारायला त्याच्या घरी कोणी जात नाही, आणि तोही कधी सांगत नाही.

मग २०१८ साल उजाडले. दरवर्षी कर्नेलचे मोजके जबाबदार लोक एकत्र बसतात. त्या वर्षी ही बैठक कॅनडातील व्हँकुव्हरला ठरली होती. टॉरवाल्ड्स यांनी तारखांचा घोळ करून त्याच दिवसांत कुटुंबासह स्कॉटलंडची सहल ठरवली. आपण नसलो तरी चालेल असे त्यांनी सुचवून पाहिले. सहकाऱ्यांनी बैठकच उचलून एडिनबरोला नेली. या निमित्ताने त्यांच्या वागण्याविषयीचे साचलेले बोलणेही त्यांच्यापुढे आले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी नव्या आवृत्तीच्या चाचणीची घोषणा करतानाच त्यांनी एक पत्र लिहिले. आपल्याला इतरांच्या भावना उमगत नाहीत, पत्रांमधून आपण सहकाऱ्यांवर केलेले हल्ले, विशेषतः व्यक्तिगत हल्ले, अनाठायी होते, त्यांमुळे ज्यांना दुखावले आणि ज्यांना या कामातून दूर जावे लागले त्या सर्वांची क्षमा मागतो, अशा आशयाचे ते पत्र होते. काही काळ बाजूला राहून यावर मदत घेणार असल्याचेही त्यांनी सांगितले. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मधल्या काळात कारभार पाहिला आणि २२ ऑक्टोबरला ४.१९ ही आवृत्ती सुरळीत बाहेर पडली. टॉरवाल्ड्स परतले. बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, त्यांनी आपल्या ई-मेलला एक गाळणी बसवली आहे. विशिष्ट शब्द पत्रात आले तर ते पत्र जातच नाही. तोंडाला लगाम घालण्यासाठी प्रोग्राम लिहिणारा हा अस्सल प्रोग्रामर! हसू येते खरे, पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना जगासमोर आपला स्वभावदोष मान्य करणारी किती माणसे आपल्या पाहण्यात आहेत?

त्याच दिवशी कर्नेलने नवी आचारसंहिता स्वीकारली. कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये तयार केलेला, शेकडो प्रकल्पांत वापरला जाणारा मसुदा तिचा आधार होता. तिच्यावर वादळ उठले. पाश्चात्त्य विद्यापीठांतील विचारसरणी मागील दाराने येथे घुसवली जात आहे, असे आक्षेप आले. एका निनावी माणसाने तर प्रोग्रामरांनी आपापला कोडच परत मागावा, असा सल्ला देऊन पाहिला. तसे काही घडले नाही. या आक्षेपांपैकी काही अगदीच निराधार होते असे म्हणता येत नाही. परंतु संहितेचा मजकूर वाचला तर ज्या बाबींवरून कोणाला कमी लेखू नये असे त्यात म्हटले आहे त्यांत राष्ट्रीयत्व, शिक्षण, आर्थिक स्तर, अनुभव आणि धर्म यांचीही स्पष्ट नोंद आहे. इंग्रजी मोडकेतोडके असलेला परभणीचा मुलगा किंवा कपाळी गंध लावून कामाला बसणारा अभियंता यांनाही त्या ओळीचे संरक्षण आहे. आणि तिचे व्यावहारिक सार साधे आहे. टीका सभ्यपणे करा, सभ्यपणे स्वीकारा, वैयक्तिक शिवीगाळ, छळ, खाजगी माहितीचा बोभाटा नको. कोणा आजीने नातवाला सांगितले असते त्यापेक्षा यात वेगळे ते काय? मात्र आजी सांगते तेव्हा तिच्यामागे साऱ्या घराचा धाक उभा असतो. म्हणून येथे तक्रार ऐकणारी समिती नेमावी लागली, आणि तंटे सोडवण्यासाठी मध्यस्थ म्हणून दिल्लीतील एसएफएलसी.इन या संस्थेच्या संस्थापक, विधिज्ञ मिशी चौधरी यांचे नाव कर्नेलच्या दस्तऐवजात नोंदवले गेले. जगाच्या या तंट्यात मध्यस्थीसाठी एका भारतीय महिलेला बोलावले गेले, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यावयास हवी होती.

इतरांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवून पाहिला. एसक्यूलाइट ही माहितीसाठ्याची प्रणाली जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते. तिचे कर्ते रिचर्ड हिप यांनी आचारसंहिता म्हणून चक्क सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची मठवासीयांसाठीची नियमावली लावून टाकली. २०१८ मध्ये त्यावर गदारोळ झाला, तेव्हा त्या नियमावलीला त्यांनी नीतिसंहिता असे नाव दिले आणि आचारसंहिता म्हणून मोझिलाची चालू नियमावली घेतली. मुक्त सॉफ्टवेअरचे आद्य पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी तिसराच मार्ग काढला. दंडाची भाषा असलेले नियम त्यांना मान्य नव्हते. त्यांनी सौहार्दपूर्ण संवादासाठी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चला, त्याने न म्हटलेल्या गोष्टीला उत्तर देऊ नका, असा त्यांचा सूर आहे. दंड की संस्कार, हा जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो. संस्कार श्रेष्ठ, यात शंका नाही. पण संस्कार रुजायला सहवास लागतो, आणि येथे तर माणूस आज पहिले पत्र लिहितो आणि उद्या नाहीसा होतो. शिवी आज पडते. तिला आजच कोणीतरी अडवावे लागते.

दंडाच्या मार्गावरही खाचखळगे कमी नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या संगणक-भाषेच्या प्रकल्पातील नियमनाचे काम पाहणाऱ्या संपूर्ण चमूने एकदम राजीनामा दिला. त्यांची तक्रार अशी की, प्रकल्पाचा गाभा असलेले वरिष्ठ मंडळ स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे नियम सर्वांना सारखा लावणे अशक्य झाले आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरण पायथन या भाषेचे. तिच्या जुन्या आणि आदरणीय जाणकारांपैकी एक, टिम पीटर्स यांना ऑगस्ट २०२४ मध्ये तीन महिन्यांसाठी दूर ठेवण्यात आले. संहितेच्या नावाखाली मतभेदच दडपला गेला, असे म्हणणारे अनेक ज्येष्ठ तेव्हा पुढे आले. निवाडा कोणता बरोबर होता याची चर्चा अजून संपलेली नाही. पण ज्या समितीला इतरांना शिक्षा करण्याचा अधिकार आहे तिने आपल्या निर्णयाची कारणे लोकांना पटतील अशी उघड मांडली पाहिजेत, एवढे तरी या दोन्ही प्रकरणांवरून दिसते. कारणे दिली नाहीत की सभ्यतेचा आग्रह हीच एक दंडेली होऊन बसते.

कर्नेलने मात्र हा अधिकार वापरला. २०२४ मध्ये बीकॅशएफएस या साठवण-प्रणालीचे कर्ते केंट ओव्हरस्ट्रीट यांनी एका सहकाऱ्याला अत्यंत असभ्य शब्दांत लिहिले. जाहीर क्षमायाचनेची अपेक्षा ठेवण्यात आली. ती वेळेत पूर्ण झाली नाही, म्हणून ६.१३ आवृत्तीच्या काळापुरता त्यांचा सहभाग रोखण्यात आला. पुढे मुदतीनंतर बदल पाठवण्यावरून खटके उडत राहिले आणि २०२५ मध्ये ती प्रणालीच कर्नेलमधून बाहेर काढली गेली. त्यांच्या बुद्धीबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती त्यांच्याबरोबर काम कसे करावयाचे याबद्दल.

उद्धटपणाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे पाहायचे असेल तर एक्सझेड प्रकरण मुळापासून समजून घ्यावे लागेल. फाईल दाबून लहान करणारा हा एक छोटा प्रोग्राम. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये तो असतो, आणि फिनलंडचे लासे कोलीन तो वर्षानुवर्षे एकहाती, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावाने एक होतकरू मदतनीस आला. तो नम्र होता, कष्टाळू होता, छोटी छोटी कामे नेटकेपणाने करत होता. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र आणखी काही नावे अवतरली. त्यांतले एक नाव होते जिगर कुमार. हो, आपल्याकडचे वाटावे असेच नाव. या मंडळींनी कोलीन यांच्यामागे लकडा लावला. काम इतके हळू का, दुसरा सांभाळणारा का आणत नाही, तुम्हाला यात रस उरलेला नाही, असे टोमणे सुरू झाले. कोलीन यांनी फार प्रामाणिकपणे उत्तर दिले. रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे कामाची शक्ती मर्यादित आहे, आणि हा छंद म्हणून चालवलेला बिनपगारी प्रकल्प आहे हेही ध्यानात घ्यावे. त्यावरही टोमणे थांबले नाहीत. अखेर दमलेल्या माणसाने हाताशी असलेल्या नम्र मदतनीसाकडे हळूहळू किल्ल्या सोपवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, आणि तिच्या पोटात एक चोरवाट दडवलेली होती, जिच्यातून जगभरच्या संगणकांत शिरता आले असते. २९ मार्च २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती उघड केली. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून. तोवर ती आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या शाखांतच पोहोचली होती; थोडक्यात निभावले.

टोमणे मारणाऱ्या त्या नावांचा इतरत्र कोठेही मागमूस नाही. ती खोटी माणसे होती आणि हा सारा कट असावा, असे जाणकार मानतात. कटवाल्यांना कुलूप फोडावे लागले नाही. या जगात एकट्या राबणाऱ्या माणसाला कोणीही कसेही बोलू शकतो आणि आजूबाजूचे लोक गप्प बसतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्याचाच त्यांनी हत्यारासारखा उपयोग केला. त्या पत्रव्यवहारात एखाद्या तिऱ्हाइताने पुढे होऊन, 'अहो, हा गृहस्थ तुमचे काम फुकट करतो आहे, जरा सबुरीने घ्या,' एवढे म्हटले असते तर? तसे म्हणणारा कोणी पुढे आला नाही. आचारसंहितेची चर्चा करताना आपण शिवी देणाऱ्याकडे पाहतो, शिवी खाणाऱ्याकडे पाहतो. पाहत उभ्या राहणाऱ्या शंभर जणांकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपली मुले अशा शिव्या देत नाहीत. उलट, भारतीय विद्यार्थ्यांची पत्रे 'रिस्पेक्टेड सर' असा मान देऊनच सुरू होतात, समोर बाई असली तरीही! गुगलच्या २००५ पासून चालत आलेल्या उन्हाळी उपक्रमात निवड होणाऱ्यांत भारतीयांची संख्या कित्येक वर्षे सर्वांत मोठी राहिली आहे, याचा अभिमान वाटावा. पण ऑक्टोबर २०२० मध्ये काय घडले तेही ऐका. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांसाठी एक उपक्रम चालवत असे; चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. एका लोकप्रिय भारतीय यूट्यूब वाहिनीवर तो कसा मिळवावा याचे प्रात्यक्षिक दाखवले गेले, त्यात माहितीपत्रकात एखाद-दुसरा शब्द घालण्याचा नमुना होता. आणि मग लोंढा आला. ज्या प्रकल्पांशी काही संबंध नाही त्यांच्या दारात 'उत्तम प्रकल्प' असे दोन शब्द जोडलेले हजारो निरर्थक बदल येऊन पडले. ज्याने आठवडाभर नोकरी करून शनिवारचे दोन तास या कामासाठी राखून ठेवलेले, त्याचा शनिवार केर काढण्यात गेला. तीन दिवसांत आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच मोजावे लागले. दोष अर्थातच केवळ आपल्या मुलांचा नव्हता. बक्षिसाची रचनाच तशी होती. तरीही त्या आठवड्यात जगभरच्या चर्चेत भारतीय विद्यार्थ्यांविषयी जे लिहिले गेले ते वाचून कोणाही देशाभिमानी माणसाची मान खाली गेली असती.

पत्राच्या मायन्यात 'आदरणीय' लिहिणे सोपे असते. दुसऱ्याच्या वेळेचा आदर करणे अवघड, कारण त्यासाठी आधी स्वतः दोन तास खर्चून प्रकल्प वाचावा लागतो, चुकीची खात्री करून घ्यावी लागते आणि मग लिहावे लागते. हा आदर आपल्या महाविद्यालयांत शिकवला जात नाही. तेथे शिकवला जातो तो प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीचे कर्ते, स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये उघडपणे तक्रार केली की, यंत्राकडून लिहवून घेतलेल्या, दिसायला भारदस्त आणि आतून पोकळ अशा सुरक्षाविषयक तक्रारींनी त्यांच्या स्वयंसेवकांचा जीव मेटाकुटीला आला आहे. त्या तक्रारींची भाषा अत्यंत शालीन असते. त्यांत एकही असभ्य शब्द नसतो. तरी तो अपमानच आहे.

शेवटी पुन्हा टॉरवाल्ड्स यांच्याकडे वळू, कारण त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ते काही साधुपुरुष झालेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये ६.१७ आवृत्तीसाठी एका अनुभवी अभियंत्याने आपले काम मुदतीच्या अगदी टोकाला पाठवले. टॉरवाल्ड्स यांनी ते नाकारले, आणि त्यातल्या एका भागाला सरळ कचरा म्हटले. शब्द कडकच होता. त्यावर नेहमीप्रमाणे बातम्याही झाल्या. पण कचरा म्हटले गेले ते कोडला. कोणत्या ओळी वाईट, का वाईट आणि पुढच्या वेळी काय करावयाचे, हेही त्याच पत्रात लिहिलेले होते. त्या अभियंत्याने उत्तर पाठवले. अलीकडे कामात ढिलाई झाली, उशीर होत गेला आणि उशिरापायी चुका झाल्या, क्षमस्व; यापुढे वेळेवर पाठवीन.